ब्लँकेट दिले, पण ठेवायचे कुठे?

डिसेंबरातली गोष्ट. ईशाची नमाज झाल्यावर आम्ही चार-पाच शिक्षक नंदुरबार स्टेशनच्या परिसरात ब्लँकेट वाटायला निघालो. थंडी पडली की दरवर्षी हा कार्यक्रम असतो. वर्गणी मोहल्ल्यातच जमते, कोणी दोन ब्लँकेट देतो, कोणी दहा. त्या रात्री एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे बाबा पाय पोटाशी घेऊन पडले होते. खाली सिमेंटची रिकामी पोती, अंगावर धोतराचे दुमडलेले टोक. आम्ही ब्लँकेट पुढे केले. ते उठून बसले, हात लावून पाहिला आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, गेल्या सालीसुद्धा तुम्हीच दिलं होतं.’’

‘‘मग ते कुठे आहे, बाबा?’’ आम्ही विचारले.

‘‘दिवसा कामाला जातो. ओझं घेऊन गेलं तर कोणी कामावर घेत नाही. इथं ठेवलं तर संध्याकाळी जागेवर राहत नाही. हे तुम्ही देता, पण सकाळी ठेवू कुठे?’’

आमच्याकडे उत्तर नव्हते. ब्लँकेट त्यांच्या हाती देऊन आम्ही पुढे गेलो, पण घरी येऊन रजईत शिरल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. वर्षानुवर्षे आम्ही थंडीचा विचार केला होता. माणसाला जागाच नाही, याचा केला नव्हता. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचे दुःख केवळ एका रात्रीचे नसते. त्याला अंघोळीची जागा नसते, कागदपत्रे ठेवायला पेटी नसते, आजारी पडल्यावर पडून राहायला कोपरा नसतो. एवढ्या साऱ्याला आपले एक ब्लँकेट कसे पुरणार? इथे शासनाचे धोरण लागते, आणि ते धोरण अंमलात यावे म्हणून विचारणारे नागरिक लागतात.

हे लोक येतात कुठून?

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यात दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी बांधव. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवर पावसाळी पीक निघाले की पुढचे सहा-सात महिने शेतात काम नसते. मुकादम उचल देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन निघतात. कोणी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला, कोणी सुरतेच्या इमारतींवर. गाडी सकाळची असेल तर आदली रात्र स्टेशनवर किंवा एसटी स्थानकात जाते. तिकडे पोचल्यावर पडावावर प्लास्टिकचा कागद आणि चार बांबू. बांधकामावर गेलेल्यांना कधी अर्धवट इमारत, तर कधी रस्त्याची कड.

सगळेच बाहेर जातात असेही नाही. मिरचीच्या हंगामात आपल्याच शहराच्या कडेला मिरच्यांच्या लाल पथारी पसरतात आणि तिथे काम करायला खेड्यांतून माणसे येतात. मोठ्या सरकारी दवाखान्यात रुग्ण खाटेवर असतो, पण त्याच्यासोबत डोंगरातून आलेले दोन नातेवाईक आवारातल्या झाडाखाली रात्र काढतात. मुलांनी सांभाळायचे सोडलेले म्हातारे असतात, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई असते, डोक्यावर परिणाम झालेला तरुण असतो. फेरीवर आलेला परप्रांतीय चादरविक्या असतो, आणि तो पुष्कळदा आपल्याच कौमचा असतो. ‘‘हे सगळे भिकारी आहेत’’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर यांतले बरेचजण सकाळी उठून कामाला जाणारे असतात.

मोजणीची रात्र

२०११ च्या जनगणनेत आम्ही प्रगणक होतो. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करायची होती, कारण बेघर माणूस दिवसा कामावर असतो आणि रात्री पडल्या जागीच सापडतो. बॅटरी घेऊन आम्ही फिरलो. झोपलेल्या माणसाला उठवून नाव, वय आणि गाव विचारताना फार संकोच वाटला. एक बाई धडपडून उठली आणि लेकरू कडेवर घेऊन म्हणाली, ‘‘जातो साहेब, जातो.’’ तिला वाटले, आम्ही हाकलायला आलो आहोत. रात्री कोणी जवळ आले तर ते हाकलायलाच, एवढेच तिच्या अनुभवात होते.

त्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. पण विचार करा. फेब्रुवारीअखेर आपल्या सातपुड्यातली हजारो माणसे गुजरातेत पडावावर असतात. ती नंदुरबारच्या बेघरांत येत नाहीत, कारण गावात त्यांचे झोपडे आहे. ज्या शहरात ती झोपतात, त्या शहराच्या हिशेबात ती दोन-चार महिन्यांची पाहुणी. जो हिशेबात नाही, त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही. आता २०२७ ची जनगणना येते आहे. प्रगणक होणाऱ्या आपल्या शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की बेघरांच्या मोजणीची रात्र उरकून टाकू नका.

रस्त्यावरची झोप जीव घेते

१८ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री सुरत जिल्ह्यात कोसंबाजवळ किम–मांडवी रस्त्यालगत मजूर झोपले होते. भरधाव डंपर त्यांच्यावर चढला आणि १५ जण गेले. बहुतेक जण राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यातले आदिवासी मजूर होते. आपली माणसे कामासाठी त्याच पट्ट्यात जातात. बातमी आली त्या सकाळी आमच्या वर्गातल्या ज्या मुलांचे आई-बाप तिकडे होते, त्यांचे चेहरे आम्हाला आजही आठवतात. दुपारपर्यंत फोन लागत नव्हते. सगळे सुखरूप असल्याचे कळले तेव्हा वर्गात श्वास सुटला. पण बांसवाड्यातल्या कुठल्या तरी वर्गात तो सुटला नसेल.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत केसनंद फाट्यावर तसेच घडले. पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुले होती. हे मजूर अमरावतीकडून कामासाठी आलेले होते. दोन्ही ठिकाणी चालकावर गुन्हा दाखल झाला आणि तो व्हायलाच हवा. पण माणसे तिथे का झोपली होती, या प्रश्नासाठी कोणत्याही गुन्ह्याच्या नोंदवहीत रकाना नसतो.

कायदा काय सांगतो?

१९८१ साली बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचा निर्णय झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. माणूस हौसेने पदपथावर राहत नाही, पोटासाठी राहतो. आणि जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पावसाळा संपल्यानंतर पदपथ मोकळे करण्याची मुभाही महापालिकेला दिली. हक्क मान्य झाला, पण छप्पर मिळाले नाही.

पुढे जानेवारी २०१० मध्ये, दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत बेघरांचा तात्पुरता निवारा हटवल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. न्यायालयाने तातडीने निवारे उभे करण्यास सांगितले आणि नंतर इतर मोठ्या शहरांनाही हा दंडक लागू केला. २०१३ साली केंद्राचे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले. त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची स्वतंत्र योजना होती. तिचे निकष प्रत्येक नागरिकाला ठाऊक हवेत:

दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा. तो फक्त रात्री नव्हे, चोवीस तास आणि बाराही महिने उघडा. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा. पाणी, संडास, न्हाणीघर, दिवा, स्वयंपाकाची सोय आणि अंथरूण-पांघरूण. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध आणि आजारी यांच्यासाठी वेगळी व्यवस्था. निवारा शक्यतो बेघर जिथे असतात आणि काम करतात तिथेच, म्हणजे स्टेशन, एसटी स्थानक, बाजार यांच्याजवळ. तिथे राहणाऱ्याला आधार, रेशन, पेन्शन आणि मुलांची शाळा यांच्याशी जोडून देणे हेही निवाऱ्याचेच काम. आणि सामान ठेवायला प्रत्येकाला लॉकर.

लॉकर हा शब्द वाचला तेव्हा आम्हाला पायरीवरचे ते बाबा आठवले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी कागदावर आधीच छापलेले होते.

नंदुरबार शहराची लोकसंख्या २०११ सालीच एक लाख अकरा हजारांच्या घरात होती. म्हणजे निकषाप्रमाणे इथे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. शहादा, नवापूर, तळोदा ही लहान शहरे आहेत. पण निवारा स्थानिक गरजेप्रमाणे पन्नास जणांचाही चालतो, असे योजनेतच म्हटले आहे. योजनांची नावे बदलतात, अभियानांची मुदत संपते, निधीचे शीर्षक बदलते. पण माणसाला रात्री छप्पर देणे ही जबाबदारी बदलत नाही.

हाकलणे म्हणजे धोरण नव्हे

याच कायद्यांच्या कपाटात दुसरेही एक पुस्तक आहे, १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. ज्याच्याकडे उदरनिर्वाहाचे साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी वावरतो, तोही या कायद्याच्या व्याख्येत भिकारी ठरू शकतो. पहिल्यांदा पकडले तर एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात मात्र कायदा उभाच आहे. एका हाताने निवारा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पकडायचे, असे चालले तर बेघर माणूस निवाऱ्याच्या दारातही यायला घाबरणार. आम्ही मोजलेल्या त्या बाईसारखाच.

आपल्यापेक्षा कितीतरी थंड असलेल्या फिनलंडने २००८ पासून वेगळी वाट धरली. माणूस आधी सुधारू दे, दारू सोडू दे, काम शोधू दे, मग घर देऊ, ही जुनी अट त्यांनी काढली. आधी भाड्याचे छोटे घर आणि मग बाकीची मदत. रात्रनिवाऱ्यांच्या इमारतींचेच लहान लहान घरांत रूपांतर केले. तिथली बेघरांची संख्या खूप खाली आली. आपला देश मोठा, आपली कारणे वेगळी. पण ज्याला झोपायला जागा नाही त्याने आधी शहाणे व्हावे, ही अपेक्षा उलटी आहे, एवढे तर कळते.

उपाय स्टेशनपासून नाही, पाड्यापासून

आमच्या मते नंदुरबारसारख्या जिल्ह्यात निवारा हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय पाड्यावरच व्हायला हवा, दिवाळीच्या आधी.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. देशात तो पहिला. गावातच वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळाली तर निम्मी कुटुंबे मुकादमाची उचल घेणार नाहीत. त्यासाठी कामाची मागणी ग्रामपंचायतीत लेखी द्यावी लागते आणि तारखेची पोच घ्यावी लागते. लिहिता न येणाऱ्याचा हा अर्ज कोण लिहून देणार? हे काम आपली कॉलेजात जाणारी मुले करू शकतात.

आई-बाप जाणारच असतील तर मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांना गावातच जेवण आणि राहण्याची व्यवस्था. ज्या वर्षी ही सोय दिवाळीआधी सुरू होते त्या वर्षी आमचा पट टिकतो. उशीर झाला की बाके रिकामी होतात, आणि ती मुले कुठे झोपत असतील ते आम्हाला माहीत असते. वसतिगृह वेळेवर सुरू होणे हासुद्धा उघड्यावरची झोप रोखण्याचाच कार्यक्रम आहे.

घरकुलाच्या योजना आहेत. पण घर बांधायला आधी स्वतःच्या नावाची जागा लागते, आणि भूमिहीन कुटुंब तिथेच अडते. जागा विकत घ्यायलाही राज्य शासन अर्थसहाय्य देते, हे पुष्कळांना माहीत नसते.

कामाच्या ठिकाणाचाही कायदा आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मजुरांना राहण्याची योग्य जागा देण्याची जबाबदारी टाकली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकाला सांगितले की कामाच्या जागी किंवा जवळपास फुकट तात्पुरता निवास, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर आणि संडास द्या. हे कायदे आता नव्या कामगार संहितांत सामावले आहेत. गुजरात सरकारने २०२४ मध्ये बांधकाम मजुरांसाठी श्रमिक बसेरा नावाची योजना काढली, दिवसाला पाच रुपये भाड्याची. आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या मजुराला निघण्याआधीच हे सांगणारा कोणी हवा. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात फक्त नवापूरचे स्टेशन आहे, ज्याचा फलाट दोन्ही राज्यांत मोडतो. मजुराची जबाबदारी मात्र दोन्ही राज्यांच्या मधल्या रेषेवर हरवते.

आपला दीन काय शिकवतो?

मदीनेत मस्जिद-ए-नबवीच्या एका बाजूला छप्पर घातलेला ओटा होता. तो सुफ्फा. ज्या सहाबांना घर नव्हते, कुटुंब नव्हते, ते तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच एक. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांची विचारपूस करीत आणि लोक त्यांना जेवायला आपल्या घरी घेऊन जात. म्हणजे बेघरासाठीची जागा गावाबाहेर नव्हती, मस्जिदीला लागून होती. दिव्य कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले त्यांत वाटसरूही आहे, आणि सूरह बलदमध्ये कठीण घाट चढण्याच्या कामांत मातीत पडलेल्या मिस्कीनला जेवू घालणे मोजले आहे.

हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. व्यापाऱ्यांचा एक तांडा मदीनेबाहेर उतरला होता. खलिफा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना सोबत घेऊन रात्री पहाऱ्याला गेले. एक मूल पुन्हा पुन्हा रडत होते. विचारल्यावर आई म्हणाली की दूध सुटलेल्या मुलालाच बैतुलमालमधून भत्ता मिळतो, म्हणून मी त्याचे दूध लवकर तोडते आहे. समोर खलिफा उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. फजरच्या नमाजेत हजरत उमर (रजि.) यांना रडू आवरले नाही. मग त्यांनी जाहीर केले की आजपासून प्रत्येक मुलाला जन्मापासून भत्ता मिळेल.

या रिवायतीकडे आम्ही आता नव्या नजरेने पाहतो. त्या बाईच्या हातावर चार दिरहम ठेवून ते घरी जाऊ शकले असते. तेही सवाबचे काम झाले असते. पण त्यांनी नियमच बदलला, आणि त्यांना कधीही न भेटलेल्या हजारो मुलांचे दूध वाचले.

आपण काय करावे?

पहिले, विचारावे. आपल्या नगरपरिषदेत माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करता येतो: आपल्या शहरात बेघरांचा निवारा कुठे आहे, किती जणांचा आहे, चोवीस तास उघडा असतो का, महिलांची सोय काय, आणि स्टेशनवर व स्थानकात त्याची पाटी लावली आहे का? नगरसेवक मत मागायला दारात येतो तेव्हा रस्ता आणि गटार यांच्यासोबत हाही प्रश्न विचारावा.

दुसरे, ब्लँकेट वाटताना माणसाशी बोलावे. नाव, गाव, आजार, कागदपत्रे विचारावीत. निवारा असेल तर तिथवर सोबत जावे. एकटा बेघर माणूस सरकारी दारात शिरायला बिचकतो, सोबत कोणी असले की शिरतो.

तिसरे, मस्जिदीच्या जमातीने, वक्फच्या मुतवल्लींनी आणि अंजुमनने विचार करावा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. संत गाडगेबाबांच्या धर्मशाळांनी पंढरपूरपासून मुंबईपर्यंत किती गरिबांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा दिला! आपल्या गावातली एखादी रिकामी खोली दवाखान्यात आलेल्यांच्या नातेवाइकांसाठी उघडता येईल का? निदान सामान ठेवायला एक कपाट? जकातीचे मसले आलिमांना विचारून घ्यावेत, पण नफील सदका तर कोणत्याही धर्माच्या गरजू माणसाला देता येतो.

चौथे, आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांकडे पाहावे. घर बांधताना, दुकान वाढवताना आपण मजूर आणतो. ते रात्री कुठे झोपतात, हे ठेकेदाराला विचारणे आपलेच काम आहे.

ते बाबा जानेवारीत पुन्हा दिसले. ब्लँकेट नव्हते. पोत्यांवरच बसले होते. आमच्यापैकी एका शिक्षकाने ओळखीच्या पानटपरीवाल्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘सकाळी माझ्याकडे ठेवा, संध्याकाळी घेऊन जा.’’ त्या दिवसापासून बाबांचे ब्लँकेट टिकले. टपरीवाला भला माणूस आहे, अल्लाह त्याला बरकत देवो. पण शहरातल्या प्रत्येक बेघराला असा टपरीवाला कुठून मिळणार? निवाऱ्याबद्दल माहिती मागणारा आमचा अर्ज आम्ही नगरपरिषदेत दिला आहे. त्याची पोच आमच्याकडे आहे, आणि उत्तर येईपर्यंत आम्ही विचारत राहणार आहोत. आपणही आपल्या गावात एक अर्ज लिहावा, ही विनंती.